सोन्या सारखा रडतो

गेल्या महिन्यात नागपूरच्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नातीचं बारसं होतं आणि पाळण्याच्या वेळी तिला माझ्या आईच्या ओव्या लावायच्या होत्या. मी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अगं, एवढ्याच? अकरा मिनिटांत संपल्या. मावशी तर चांगली पाऊण तास गात होती, मी होते ना तिथे!" मी नेहमीचं उत्तर दिलं, "बाकीच्या आहेत कुठेतरी, शोधून पाठवते."

हे उत्तर मी २०१६ पासून देते आहे. पुण्याला दिलं, नाशिकला दिलं, न्यू जर्सीच्या भाचीलाही दिलं. मंडळी, ते खोटं आहे. बाकीच्या ओव्या नाहीत. त्या माझ्याच हातून गेल्या, आणि गेल्या त्या दोन शब्दांमध्ये आपण जी तिळाएवढी जागा मोकळी सोडतो ना, त्या जागेमुळे. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईने आणखी किती दिवस शोधण्याचं सोंग करायचं? म्हणून आज सगळं लिहून टाकते. लिहिता लिहिता त्या जागेचा इतिहासही सांगणार आहे, कारण गेली काही वर्षं मी तोच वाचत बसले होते. आपली चूक किती जुनी आहे हे कळलं की थोडं बरं वाटतं, तसं काहीसं.

तर झालं असं. १९८६ च्या दिवाळीत दादाने नवा टेपरेकॉर्डर आणला आणि आईला जात्यापाशी बसवून ओव्या टेप केल्या. चाळीस मिनिटं ओव्या, मध्ये जात्याची घरघर, आणि शेवटी आईचं "झालं का रे? बंद कर ते आता." २००९ साली मी निवृत्त झाल्यावर ती कॅसेट एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतली. २०१३ मध्ये घर बदलताना पाहिलं तर मूळ कॅसेटला बुरशी लागलेली. टाकून दिली. संगणकात आहे की, असं म्हणून!

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. माझं यंत्र जुनं, नवीन विंडोज त्याला पेलवेना. भाच्याने त्यावर लिनक्स बसवून दिलं आणि म्हणाला, "मावशी, आता तुला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला शिकवतो. तुला आवडेल, सगळं व्याकरणच आहे." खरोखरच आवडलं. ज्या कामाला उंदीर घेऊन तासभर टिचक्या माराव्या लागतात ते एका ओळीत होतं. चार ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की त्या आज्ञा ओळीने पार पडतात. याला शेल स्क्रिप्ट म्हणतात. वहीत लिहून घेत घेत मी बऱ्यापैकी शिकले आणि मग, सगळ्या बऱ्यापैकी शिकलेल्यांसारखी, जरा जास्तच धीट झाले.

ऑगस्ट २०१६ ची गोष्ट. माझ्याकडे एक फोल्डर होता "आई". त्यात आईचे फोटो आणि ओव्या. दुसरा होता "आई पत्रे". त्यात आईला आलेल्या पत्रांची स्कॅन केलेली पानं. ही पत्रं चुकून दोन ठिकाणी साठली होती, म्हणून त्यातली एक प्रत काढून टाकायची होती. अशा आणखी सहा-सात फोल्डरांची नावं मी एका यादीत लिहिली, एका ओळीवर एक. स्क्रिप्टमध्ये सांगितलं, यादीतली एकेक ओळ वाच, ती "नाव" या चलात ठेव (बीजगणितातलं चल, तेच), आणि मग:

आरएम -आरएफ $नाव

(इथे मी आज्ञा देवनागरीत लिहिते आहे, यंत्राला त्या रोमन लिपीतच द्याव्या लागतात.) आरएम म्हणजे काढून टाक. पुढच्या आर आणि एफचा अर्थ, आतल्या सगळ्यासकट काढ आणि मला काही विचारू नकोस. डॉलरचं चिन्ह म्हणजे या चलात जे काही आहे ते इथे आण.

चलात होतं "आई पत्रे". शेलने ते तिथे आणून ठेवलं, मग ओळीकडे पुन्हा एकदा पाहिलं, मध्ये मोकळी जागा दिसली, आणि त्याने अर्थ लावला: दोन गोष्टी काढायच्या आहेत, एक "आई" आणि दुसरी "पत्रे". "आई" सापडली, ती काढली. "पत्रे" नावाचं काही नव्हतंच, पण काही विचारू नकोस असं मीच सांगितलेलं, त्यामुळे तक्रारही नाही. "आई पत्रे" फोल्डर जिथल्या तिथे सुखरूप. बाकीची नावं एकशब्दी होती, ती मुकाट्याने गेली. मी यादी संपलेली पाहिली आणि चहा करायला उठले.

आणि वेगळ्या डिस्कवरची प्रत? ती होती ना. पण दर रविवारी ती डिस्क संगणकाशी तंतोतंत जुळवायची, इथे जे नाही ते तिथूनही काढायचं, अशी व्यवस्था केलेली होती. तीन रविवार गेले. मग आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी ओव्या लावायला गेले.

भाचा धावत आला. दोन दिवस त्याने नाना उपाय केले, पण त्या जागेवर तोवर दुसरं बरंच काही लिहून झालं होतं. मग त्याने माझी स्क्रिप्ट उघडली, ती ओळ पाहिली आणि अगदी हळू म्हणाला, "मावशी, कोट्स कुठायत?"

"कोट्स म्हणजे?"

"अगं, अवतरणचिन्हं. डॉलरच्या आधी एक आणि नावाच्या नंतर एक. म्हणजे मग तो तोडत नाही."

एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. अवतरणचिन्ह दिलं नाही म्हणून किती पोरांचा अर्धा अर्धा गुण कापला असेन त्याचा हिशेब नाही.

वर्गात एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. "सोन्या सारखा रडतो." म्हणजे सोन्या नावाचा मुलगा सतत रडतो. मग मधली जागा पुसून "सोन्यासारखा रडतो" असं लिहायचं. आता रडणारा दुसराच कोणीतरी, आणि सोन्या फक्त उपमेपुरता! पोरं हसायची, आणि शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हा नियम कायमचा डोक्यात बसायचा. मोकळी जागा हेही एक अक्षरच आहे असं मी सांगत असे. आणि यंत्रापुढे बसल्यावर तेवढंच विसरले.

ही जागा आपल्याला वाटते तितकी सनातन नाही. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत. माझ्या आजोबांची मोडीतली जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली, आणि तिला टांगलेली अक्षरं एका ओघात शेवटपर्यंत. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. रोमन लोकही नंतरच्या काळात लॅटिन असंच सलग लिहीत. सातव्या शतकाच्या सुमाराला आयर्लंडच्या मठांतल्या साधूंनी शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली, कारण लॅटिन ही त्यांची घरची भाषा नव्हती आणि सलग वाचताना ते अडखळत. पॉल सेंगर यांनी यावर १९९७ साली अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आपल्याकडे तोडणं लेखनात नसेल, पण पठणात होतं. ऋग्वेदाचा संहितापाठ सलग, आणि शाकल्याचा पदपाठ म्हणजे तीच ऋचा एकेक पद सुटं करून. पदच्छेद हा शब्द मला फार आवडतो. शेलमध्ये जे होतं त्याला त्या लोकांत जे नाव आहे, त्याचा अर्थ शब्दशः पदच्छेद असाच होतो.

तेव्हा प्रश्न जुनाच. पदच्छेद लिहिणाऱ्याने करायचा की वाचणाऱ्याने? आणि लिहिणाऱ्याने एकदा केला असेल तर वाचणाऱ्याने तो पुन्हा करायचा का?

आता न्यू जर्सीला जाऊ. (भाचीबाई, तुमच्यापासून मरे हिल फार लांब नसावं.) तिथल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. १९७१ मध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यासोबत थॉम्पसन यांनी लिहिलेला शेल होता. शेल म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. तुम्ही ओळ टंकायची, तो मोकळ्या जागा पाहून तिचे शब्द पाडणार. पहिला शब्द आज्ञा, बाकीचे शब्द त्या आज्ञेचे विषय. यात गैर काहीच नव्हतं. वापरणारी माणसं मोजकी, एकाच इमारतीतली. टंकायचं ते टेलिटाइपवर, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापणाऱ्या यंत्रावर. म्हणून सगळं आखूड: आरएम, सीपी, एमव्ही, एलएस. "क्रिएट" या शब्दातला शेवटचा ई सुद्धा थॉम्पसन यांनी गाळला होता. युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, असं कोणी विचारल्यावर ते म्हणाले होते म्हणे की तो ई लावेन. मला हा माणूस आवडतो. शुद्धलेखनाची चूक कबूल करणारे फार थोडे भेटतात.

फाइलचं नाव कसं असावं, याबाबत युनिक्सचा गाभा कमालीचा उदार होता. दोनच चिन्हं वर्ज्य: तिरपी रेघ, कारण ती फोल्डरचा मार्ग दाखवते, आणि शून्य मूल्याचं चिन्ह, कारण ते नावाचा शेवट दाखवतं. बाकी काहीही चालेल, मोकळी जागासुद्धा. म्हणजे नाव नोंदवून घेणारा म्हणतो "दोन शब्दांचं नाव? ठेवा की!" आणि दारावरचा शिपाई तेच नाव पुकारताना दोन माणसांना हाका मारतो. दोघेही एकाच कचेरीतले. पण त्या काळी दोन शब्दांचं नाव ठेवणारा कोणी फिरकत नव्हता, म्हणून भांडण झालं नाही.

खरी मेख १९७९ साली बसली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला नवा शेल आला. हे गृहस्थ केंब्रिजहून आलेले आणि अल्गॉल ६८ या भाषेच्या प्रेमात. शेल लिहिला सी भाषेत, पण त्या सीला अल्गॉलची वस्त्रं नेसवून. आज्ञांची टोकंही अल्गॉलच्या धर्तीवर उलटी केलेली. "इफ"ने सुरू झालेलं "फी"ने संपतं, "केस"ने सुरू झालेलं "एसॅक"ने. त्याच न्यायाने "डू" हे "ओडी"ने संपायला हवं होतं, पण ओडी नावाची दुसरी आज्ञा आधीच होती, म्हणून "डन" वापरावं लागलं. व्याकरणाच्या बाईला असले किस्से पुरणपोळीसारखे लागतात. असो.

बोर्न यांच्या शेलात चलं होती, आणि त्यांच्यात साठवता यायची ती फक्त अक्षरांची एक ओळ. याद्या ठेवायला वेगळी सोय नव्हती. मग अनेक नावं एकाच चलात ठेवायची झाली तर? वाण्याला देतो तशी चिठ्ठी लिहायची, "गूळ साखर चहा", आणि ती चिठ्ठी आज्ञेत आली की शेल मोकळ्या जागांवर तोडून तीन जिन्नस करणार. फार सोयीचं. एका ओळीत यादीचं काम भागलं. फक्त "हरभरा डाळ" लिहिलीत की दुकानातला पोरगा हरभरे एक किलो आणि डाळ एक किलो घेऊन येतो. आणि चिठ्ठीवर तुम्ही कितीही काळजीपूर्वक एका ओळीवर एकच जिन्नस लिहिला असला, तरी तो तोडतोच. माझ्या यादीत "आई पत्रे" हे एकाच ओळीवर होतं, चलातही ते अखंड होतं. तुटलं ते चलातून बाहेर काढताना, दुसऱ्या वाचनाला. एकदा झालेला पदच्छेद शेलने पुन्हा केला.

कुठे तोडायचं हेही एका चलात ठेवलं होतं, त्याचं नाव आयएफएस. त्यात नेहमी तीन चिन्हं असतात, मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ. सुरुवातीच्या शेलात या चलाचा अंमल चलातून आलेल्या मजकुरावरच नव्हे तर लिहिलेल्या सगळ्या शब्दांवर चाले. मग कोणा उपद्व्यापी मुलांना सुचलं की आयएफएसमध्ये तिरपी रेघ घालावी! झालं, "/बिन/डेट" ही आज्ञा फुटून "बिन" ही आज्ञा झाली आणि "डेट" तिचा विषय. आपलाच एक "बिन" नावाचा प्रोग्रॅम करून ठेवायचा, की मोठ्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम शेलकडून काम करून घेताना भलत्याच घरात शिरणार. पुढे ही फट बुजवली. १९९२ च्या पॉसिक्स प्रमाणकात तोडातोड फक्त चलांतून आणि आज्ञांच्या उत्तरांतून आलेल्या मजकुरापुरती राहिली. पण तेवढी राहिलीच. तोवर हजारो स्क्रिप्ट त्या सवयीवर विसंबून होत्या, आणि विसंबलेल्यांचा घास काढायचा कोणी? याच कारखान्यातल्या स्टुअर्ट फेल्डमन यांची गोष्ट अशीच. १९७६ साली त्यांनी "मेक" हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, मोकळ्या जागा चालणार नाहीत, असं ठेवलं. चूक लगेच ध्यानात आली, पण तोवर त्यांचे डझनभर वापरणारे झाले होते, बहुतेक मित्रच, त्यांची गैरसोय नको म्हणून बदललं नाही. डझनभर! नंतर जगभरची माणसं त्या टॅबला अडखळून पडत राहिली.

बोर्न यांनी अवतरणचिन्हांची सोय मात्र पहिल्यापासून दिली होती, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. चलाला दुहेरी अवतरणात घातलं की त्याचा अर्थ, याचा पदच्छेद झालेला आहे, तू पुन्हा करू नकोस. फक्त ती चिन्हं लिहिणाऱ्याने आठवणीने घालायची. विसरला तर शेल बोलत नाही. तुम्ही सगळी एकशब्दी नावं देत असाल तर वर्षानुवर्षं बोलत नाही.

दोन शब्दांची नावं ठेवणारी माणसं मग दुसऱ्या दारातून आली. मॅकिंटॉशवर १९८४ पासून लोक फाइलांना हवी तशी नावं देत होते, कारण तिथे टंकायचं नव्हतंच, चित्रावर टिचकी मारायची. डॉसवाल्यांचं नशीब वेगळं, आठ अक्षरं आणि पुढे तीन. आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा निकालाची फाइल "रिझल्ट९८" याहून लांब करायची आमची हिंमत नव्हती. विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंत मोकळीक दिली आणि स्वतःच्याच मुख्य फोल्डरचं नाव दोन शब्दी ठेवलं, "प्रोग्रॅम फाइल्स". विंडोज २००० मध्ये तर "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" असं तीन शब्दी नाव, ते व्हिस्टात, २००७ साली, गुपचूप "यूझर्स" झालं. विंडोजलाही जागेने छळलंच. अवतरणाशिवाय "प्रोग्रॅम फाइल्स"चा पत्ता दिला तर ते आधी "प्रोग्रॅम" नावाचाच काही कार्यक्रम सापडतो का ते पाहतं, आणि कोणी वाईट हेतूने तसा ठेवला असेल तर तो चालवतं.

मग मॅकवाल्यांचं आणि युनिक्सचं लग्न लागलं. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं, वरून मॅक आणि आतून युनिक्स. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने आयपॉड जाहीर केला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्यासाठी आयट्यून्सची दुसरी आवृत्ती दिली. ती बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत काढून टाकणारी एक ओळ होती, तीच, आरएम -आरएफ, आणि पुढचं डिस्कचं नाव अवतरणाशिवाय. ज्यांनी डिस्कच्या भागांना जागा सोडून नावं दिली होती, त्यांच्यापैकी काहींचा दुसराच अख्खा भाग पुसला गेला. समजा एका भागाचं नाव "डिस्क" आणि दुसऱ्याचं "डिस्क दोन"... पुढचं मी सांगायला नको. "आई" आणि "आई पत्रे". ॲपलने घाईने ती आवृत्ती मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती काढली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. मग रडले. एवढ्या मोठ्या कंपनीतले पगारी लोक चुकले आणि मीही तीच चूक केली, यात हसण्यासारखं खरं तर काय होतं?

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, बंबलबी नावाच्या एका लिनक्सच्या प्रकल्पात याच्या उलट झालं. लॅपटॉपमधल्या दुहेरी चित्र-चिपा नीट वापरता याव्यात म्हणून काही हौशी लोक ते लिहीत होते. बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक लांबलचक पत्ता काढून टाकायचा होता, तो "/यूएसआर/लिब" असा सुरू होणारा. लिहिणाऱ्याच्या हातून "यूएसआर"च्या पुढे एक मोकळी जागा पडली. झालं, आज्ञा बनली "/यूएसआर" काढ, आणि शिवाय तो पुढचा तुकडाही काढ. "यूएसआर" म्हणजे लिनक्सचं स्वयंपाकघर आणि कोठी एकत्र. इथे पदच्छेद यंत्राने केला नाही, माणसानेच केला. दुरुस्ती करताना त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि जगभरचे लोक त्याखाली येऊन विनोद करून गेले. मी ते सगळं वाचलं आहे. हसण्याआधी माझ्या मनात आलं, यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी काहीतरी गेलं असेल.

उपाय निघाले नाहीत असं नाही. टॉम डफ यांनी बेल लॅब्समध्येच "आरसी" नावाचा शेल लिहिला. त्यात चल म्हणजे खरीखुरी यादी, आणि एकदा वाचलेलं पुन्हा तोडायचं नाही हा मुख्य नियम. सुंदर काम, पण वापरणारे थोडे. पॉल फॉलस्टॅड यांनी १९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकत असताना केलेला "झी-शेल" चलातला मजकूर आपणहून तोडत नाही. ॲपलने २०१९ पासून मॅकवर तोच मुख्य शेल केला. माझ्या लिनक्सवर मात्र बॅश, म्हणजे बोर्न यांच्याच शेलाचा १९८९ मध्ये जन्मलेला वारस, घराण्याच्या रीतीसकट. फाइलांची यादी एका आज्ञेकडून दुसरीकडे देताना मधे ते वर्ज्य शून्य-चिन्ह टाकायचं, कारण नावात ते कधी येऊच शकत नाही, अशीही एक युक्ती लोक बरीच वर्षं वापरत होते. ती पॉसिक्स प्रमाणकात आली २०२४ साली. पंचेचाळीस वर्षं लागली म्हणायची, १९७९ पासून.

आणि गंमत पाहा. माझ्या फोल्डरचं नाव देवनागरीत होतं, त्याबद्दल युनिक्सने हूं की चूं केलं नाही! १९७९ सालच्या लोकांच्या स्वप्नातही नसलेली लिपी, पण ती सरळ आत गेली. याचं श्रेयही त्या थॉम्पसन यांनाच. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक समोर बसलेले असताना, त्यांनी ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. जगातलं कुठलंही अक्षर असो, त्याच्या तुकड्यांत तिरपी रेघ किंवा शून्य-चिन्ह चुकूनही दिसणार नाही अशी ती बेतलेली आहे, म्हणून जुन्या युनिक्सला ते अक्षर खुपत नाही. (मराठी अक्षराला तीन-तीन घरं लागतात, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या मोजून. २५५ घरांच्या नावात आपली ८५च चिन्हं मावतात. एकदा मी आख्खं पत्रच नावात लिहायला गेले आणि अडले, तेव्हा कळलं.) परक्या लिपीला इतक्या आदराने घरात घेतलं आणि दोन शब्दांमधल्या जागेला मात्र दारातच अडवलं.

बऱ्याच जाणत्यांचा सल्ला असा की नावात जागाच ठेवू नये, खाली-रेघ वापरावी. "आई_पत्रे". भाच्यानेही तेच सांगितलं. मी ऐकलं नाही. आईचं नाव तिच्या पत्रांना रेघेने शिवून टाकायचं मला पटत नाही, आणि मराठी बाईने यंत्राच्या सोयीसाठी शुद्धलेखन का बदलावं? फोल्डर अजून "आई पत्रे" असाच आहे. मी अवतरणचिन्हं घालते. शिवाय आता आरएमच्या जागी आधी "एको" लिहून काय होणार आहे ते पडद्यावर छापून घेते, आणि सकाळच्या चहानंतरच खरी आज्ञा देते. डिस्कही आता दोन आहेत, दुसरी आपोआप जुळत नाही, ती मी हाताने लावते.

अकरा मिनिटं वाचली कशी, ते सांगायचं राहिलं. २०१२ साली मी ओव्यांचा सुरुवातीचा तुकडा ईमेलने धाकट्या जावेला पाठवला होता. तो माझ्या पाठवलेल्या पत्रांच्या पेटीत पडून होता. पूर्ण फाइल ईमेलमध्ये मावली नव्हती, म्हणून भाच्याने तेवढीच कापून दिली होती. तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते.

आता तुमच्याकडे एक काम. वहिनी म्हणते की १९८७ मध्ये दादाने त्या कॅसेटच्या दोन-तीन प्रती काढून लग्नघरी वाटल्या होत्या. कोणाला दिल्या ते तिला आठवत नाही आणि दादा आता नाही. सासर-माहेरच्या सगळ्यांनी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, नवरात्राच्या सामानात एकदा बघा. साठ मिनिटांची कॅसेट, कागदावर दादाच्या अक्षरात हिरव्या शाईने "आई – जाते" असं लिहिलेलं असेल. सापडली तर टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवून बघू नका, बुरशी असेल तर फीत चिकटून तुटते. तशीच कोरड्या डब्यात ठेवा आणि मला फोन करा, मी स्वतः घ्यायला येईन.